केशराचे कंद सोलापुरात का कुजतात? या चुका टाळा

पहिल्या वर्षी गच्चीवर लावलेले बारा कंद गौरी-गणपतीच्या आतच गेले. कुंडी उकरली तर बोटाला मऊ लगदा आणि आंबूस वास. काश्मीरचं वेळापत्रक वाचून मी ऑगस्टमध्ये कंद लावले होते, वरून पाऊस चालूच होता. सोलापुरात केशर लावणारे बहुतेकजण इथेच फसतात.

असं का होतं ते कळायला केशराच्या रानटी आईकडे बघावं लागतं. केशर रानात आपोआप कुठेच उगवत नाही, माणसानेच ते कंदावरून पुढे नेलंय. त्याची आई म्हणजे क्रोकस कार्टराइटियानस, केशराच्याच ‘क्रोकस’ जातकुळीतली. ग्रीसमध्ये अथेन्सभोवतीच्या ॲटिका भागात आणि एजियन बेटांवर, खडकाळ माळावर ती आजही फुलते. तिकडे उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस पडतो हिवाळ्यात. म्हणून हा कंद उन्हाळाभर कोरड्या मातीत झोपतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जागा होतो. आपलं नेमकं उलटं. जून ते सप्टेंबर, त्याच्या झोपेच्या दिवसांत, आपण त्याला भिजवतो. तो तहानलेला असतो तेव्हा आपलं आभाळ कोरडं.

तेव्हा पावसाळ्यात कंद मातीत नकोच. बांबूच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत, घरातल्या सगळ्यांत गार, अंधाऱ्या, हवेशीर खोलीत ठेवा. याच दिवसांत कंदाच्या आत फूल तयार होत असतं आणि त्याला २३ ते २७ अंश तापमान मानवतं. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेत तर फुलं आतच करपतात.

फ्रीजमध्येही ठेवू नका. ही चूक इंटरनेटवरून येते. वसंतात फुलणाऱ्या क्रोकसला आणि ट्यूलिपला लांबलचक थंडी लागते, तो सल्ला लोक केशराला लावतात. केशर शरद ऋतूत फुलतं. त्याला गोठवणारी थंडी नको, १७ अंशांच्या आसपासचा गारवा मिळाला की कोंब वर येतो. आपल्याकडे तशा रात्री साधारण दिवाळीनंतर येतात. मी आता पहाटे गच्चीवर अंगावर काही घ्यावंसं वाटू लागलं की कंद लावते, कॅलेंडर बघून नाही.

माती हा दुसरा घात. आपली काळी माती ज्वारीला सोनं आहे, कंदाला मात्र फास. पाणी धरून ठेवते, फुगते, मग बुरशी आलीच. मी चाळलेला मुरूम आणि जाड वाळू अर्धी-अर्धी घेते, त्यात दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत. चुनखडीची काळजी करू नका, केशराला ती चालते. मातीची, भोक मोठं असलेली कुंडी घ्या, कंद चार बोटं खोल लावा आणि वर तारेची जाळी टाका. एका रात्रीत उंदरांनी सहा कंद नेलेत माझे.

आता खरेदी. ‘केशराचं बियाणं’ कुणी विकत असेल तर घेऊ नका. रानटी आईत आठ-आठचे दोन संच, म्हणजे १६ गुणसूत्रं आहेत, केशरात तसे तीन संच मिळून २४. म्हणून त्याला बी धरतच नाही. ‘अमेरिकन केशर’ म्हणून रोपं किंवा बी विकतात ती तर आपली करडई असते! ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या करडई पेरली, तिथल्या शेतकऱ्याला तीच चढ्या भावाने विकली जावी याचा मला मनापासून राग येतो. परदेशातून पार्सलने कंद मागवणंही टाळा. त्याला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

आणि फूल आल्यावर पुंकेसर मोजा. क्रोकसला तीन असतात. सहा असतील तर ते केशरासारखं दिसणारं कोल्चिकम, म्हणजे जबर विषारी. त्यातलं काहीही तोंडात जाऊ देऊ नका.

सगळ्यांत जास्त निराशा दुसऱ्या वर्षी होते. पहिल्या वर्षीचं फूल कंद आपल्या साठ्यावर देतो, ट्रेमध्ये मातीपाण्याशिवायसुद्धा. केशर शेतीच्या प्रशिक्षणात हेच दाखवून लाखोंचं गणित मांडतात. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात, हे लक्षात ठेवूनच ते गणित ऐका. जुना कंद त्या वर्षीच संपतो. त्याच्या डोक्यावर नवे कंद धरतात आणि ते पोसतात पानं. फुलं खुडून झाली की लोक कुंडी विसरतात, तिथे पुढचं वर्ष जातं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला पानं हिरवीगार असायला हवीत. माती दोन बोटं कोरडी झाली की पाणी द्या, सकाळचं ऊन पूर्ण मिळू द्या. फेब्रुवारी सरता सरता दुपारचं ऊन टोचायला लागलं की शेडनेट बांधा. पान जितके दिवस जास्त हिरवं राहील तितका कंद भरेल. पिवळी पानं कापू नका, पूर्ण वाळू द्या, पाणी तोडा.

मग कंद काढून तोला. आठ-दहा ग्रॅमच्या वरचे फुलायला ठेवा. बारके फेकू नका, वेगळ्या कुंडीत एक हिवाळा नुसते पोसा.