सहोपकारिता समजून घेताना या चुका टाळा

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटतं: ‘सहजीवन म्हणजे दोघांचा फायदा.’ इथेच गफलत होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८७९ मध्ये सहजीवनाची व्याख्या केली ती ‘वेगळ्या जातींच्या जिवांनी एकत्र राहणं’ एवढीच. त्यात आंब्याचं पाणी शोषणारं बांडगूळही येतं. दोघांचं भलं होत असेल तरच म्युच्युअलिझम, म्हणजे सहोपकारिता.

याहून खोल चूक शब्दाच्या अर्थात आहे. ‘उपकार’ दिसला की मुलं निःस्वार्थ मदतीबद्दल लिहू लागतात. म्युच्युअलिझमचा मूळ लॅटिन शब्द ‘म्युतुउस’. त्याचा अर्थ परस्परांचा, आणि उसना घेतलेलासुद्धा! रोमन कायद्यात ‘म्युतुउम’ म्हणजे धान्य, तेल किंवा पैसे उसने देणं. तेच दाणे नव्हे, तेवढेच तसलेच दाणे परत करायचे. शेजारी वाटीभर साखर मागायला जातो, अगदी तसं. बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेदेन यांनी १८७०च्या दशकात ‘म्युच्युअलिझम’ हा शब्द जीवशास्त्रात आणला. मला तर उपकारापेक्षा ‘देवाणघेवाण’ हाच शब्द जवळचा वाटतो.

खात्री करायची तर फुलोऱ्यातलं भुईमुगाचं रोप मातीसकट हळूच काढा. मुळांवरची बारीक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर रायझोबियम जिवाणू कामात आहेत: ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करून देतात, झाड त्यांना साखर पुरवतं. पांढरी किंवा हिरवट गाठ असेल तर काम सुरू झालेलं नाही किंवा थांबलंय. आणि युरिया भरपूर टाकलेल्या शेतात गाठी कमीच सापडतात. नत्र आयता मिळाल्यावर झाड जिवाणूंवर साखर कशाला खर्च करेल?

म्हशीमागे चालणारा गायबगळा मात्र या उदाहरणांत घालू नका. म्हशीच्या पायांनी उडालेले किडे त्याला मिळतात, म्हशीला त्यातून फारसं काही मिळत नाही. ती सहभोजिता: एकाचा फायदा, दुसऱ्याला ना नफा ना तोटा.

दगडफुलाला नुसतं शेवाळ म्हणणंही चूकच. गोड्या मसाल्यात आपण टाकतो ते बुरशी आणि शैवाल मिळून झालेलं आहे: शैवाल अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. डब्यातला एक तुकडा मोडून भिंगाखाली धरा, कडेला शैवालाचा बारीक थर दिसतो का बघा.