आउटबोर्डच्या पाण्याचं प्रेशर: या चुका टाळा

‘धार पडतेय ना, मग पाणी फिरतंय.’ नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेटीवर, होडीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनांबद्दल हे रोज कानावर येतं, आणि याच भरवशावर इंजिनं जळतात. इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची ही धार एवढंच सांगते की पंप थोडंफार पाणी वर चढवतोय. किती जोराने, ते प्रेशर गेजच सांगतो. नसेल तर बसवून घ्या, इंजिनाच्या मानाने खर्च काहीच नाही.

गेज आला की काटा शेजारच्या होडीशी ताडू नका, प्रत्येक मॉडेलचं प्रेशर वेगळं. इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पाकळ्यांचं चाक, नवा बसवल्या दिवशीच मंद चालीचा आणि ३००० आरपीएमचा आकडा इंजिनाच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. तुलना त्याच्याशीच.

मंद चालीत पाकळ्या पंपाच्या भिंतीला घासत पाणी ढकलतात. वेग वाढला की त्या दुमडतात आणि पाणी नुसत्या फिरण्याच्या जोरावर फेकलं जातं. म्हणून झिजलेला इम्पेलर आधी मंद चालीत उघडा पडतो, वेगात काटा ठीकच दिसतो. माझा मंद चालीचा काटा ४ पीएसआयवरून २ वर आला होता, मी दुर्लक्ष केलं. वाशी पुलाच्या अलीकडे इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. पंप उघडला तर दोन पाकळ्या गायब. मेकॅनिकने नवा इम्पेलर टाकला, पण तुटके तुकडे कुणी शोधलेच नाहीत. आठवड्यात पुन्हा भोंगा! एक तुकडा वर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकला होता. पाकळ्या मोजा. एकही कमी असेल तर तुकडा हाती लागेपर्यंत इंजिन जोडू नका.

आपल्या खाडीत गाळ फार. ओहोटीला उथळ पाण्यात इंजिन वर उचलून दामटलं, तर पाणी ओढायच्या जाळ्या हवा नाहीतर चिखल ओढतात. काटा एकदम कोसळला तर बहुधा जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलेली असते. इंजिन बंद करा, वर उचला, काढा. नुसती धार बारीक झाली आणि काटा जागेवर असेल, तर धारेच्या भोकात तंगूसचा तुकडा फिरवा.

प्रेशर वाढलेलं आणि इंजिन तापलेलं, हेही होतं. पंप ढकलतोय, पण पुढे वाट बंद आहे: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, अडकलाय किंवा मिठाने मार्ग भरलेत. इथे बरेच जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. असं करू नका. इंजिन थंडच राहतं, कार्बन साचतो, पेट्रोल जास्त जातं. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून बघा, त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडला नाही तर बदला.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका. जाळीवर नळाच्या पाइपाला जोडलेले रबरी कान (वाट्या) लावून धुताना आधी नळ, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग नळ. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. बाजूला पाइप जोडायची वेगळी सोय असेल, तर बहुतेक इंजिनांत ती इंजिन बंद ठेवूनच वापरायची असते, पुस्तिका बघा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असते, तेव्हा पाकळ्या एकाच बाजूला वाकून राहतात. नारळी पौर्णिमेआधी पंप उघडा. पाकळ्या सरळ होत नसतील तर बदला, आणि नवा बसवताना शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवत, साबणाच्या पाण्याने ओला करून आत सरकवा.