जुन्या वस्तूंचे फोटो: रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट? या चुका टाळा

अडगळीतून एखादं जुनं कुलूप हाती लागतं. आपण ते पुसून-बिसून टेबलावर ठेवतो, हौसेने फोटो काढतो आणि स्क्रीनवर बघून हिरमुसतो. हातात असताना जे जडशीळ, अनुभवी वाटत होतं, ते फोटोत नुसतं मळकट दिसतं. मग हात लगेच ‘ब्लॅक अँड व्हाइट’च्या बटणाकडे जातो. वस्तू जुनी, तेव्हा फोटो कृष्णधवल हवा, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. जुने फोटो कृष्णधवल होते, कारण फिल्म तशी होती. वस्तू तेव्हाही रंगीतच होत्या.

वय कशात दिसतंय हे न बघता ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. लोखंडावरचा गंज, पितळेवरचा हिरवा कळंक, उन्हाने विटलेला रंग आणि त्याच्या पोपड्यांखालून डोकावणारा आधीच्या रंगाचा हात, ही सगळी वयाची खूण रंगातच असते. रंग काढला की वयही गेलं. याउलट लोखंडी कात्री घ्या. सगळीकडून एकसारखी काळपट, पण धार झिजून वाकडी झालेली, अंगठ्याच्या कडीला आतून गुळगुळीत खळगा पडलेला. इथे रंग काहीच सांगत नाही. आकार आणि उजेड सांगतात, त्यामुळे कृष्णधवल फोटो तिला शोभतो.

अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९५५ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी पक्कड, पाना अशी साधी हत्यारं साध्या पार्श्वभूमीवर ठेवून कृष्णधवल टिपली. तिथे फक्त आकार बोलतो. त्याच इव्हान्स यांनी १९७३ मध्ये पोलरॉइडचा एसएक्स-७० कॅमेरा हाती घेतला आणि झिजलेल्या पाट्या, अक्षरं रंगात टिपली. माणूस तोच होता, वस्तू बदलल्या तसा निर्णय बदलला.

सगळं एकाच करड्यात विरघळणं

रंगीत फोटोत गंज आणि कळंक किती वेगळे दिसत होते, आणि कृष्णधवल केल्यावर नुसता करडा चिखल झाला! ही तक्रार मी वारंवार ऐकतो. कारण साधं आहे. रंगीत फोटोचा करडा करताना एक नेहमीची पद्धत म्हणजे लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के धरून बेरीज करणं. आता गंजाचा एक तपकिरी घ्या (प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये मोजतात): लाल १५०, हिरवा ८५, निळा ४५. कळंकाचा एक हिरवा घ्या: लाल ६०, हिरवा १२५, निळा ८०. गणित करून पाहा, दोन्हींचं उत्तर जवळपास १०० येतं. डोळ्याला एकमेकांच्या विरोधात उभे असलेले दोन रंग करड्यात जुळे भाऊ होतात.

उपाय असा, की एका टिचकीत रंग उडवू नका. एडिटिंग ॲपमधल्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये जा आणि नारिंगीचा स्लायडर थोडा वर, हिरव्याचा थोडा खाली न्या. गंज उजळेल, कळंक गडद होईल. फिल्मवर हेच काम लेन्सपुढच्या रंगीत काचा करतात: काच स्वतःच्या रंगाला उजळवते आणि विरुद्ध रंगाला काळवंडवते. मात्र स्लायडर बेताने सरकवा. टोकाला नेलात, तर रंगांच्या सीमेवर पांढरट कडा उमटतात आणि निळ्या भागात दाणे फुटतात.

‘जुन्या फोटोसारखं’ दिसावं असा आग्रहच असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. सुरुवातीच्या काळात फोटो ज्यावर उमटत, त्या काचेच्या प्लेट्सना मुख्यतः निळा-जांभळा उजेडच कळायचा. १८७३ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ हेरमान फोगेल यांनी त्यात रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरवाही दिसू लागेल अशी सोय शोधली. लाल दिसायला आणखी बराच काळ गेला. त्या प्लेटवर गंज जवळजवळ काळाच आला असता. म्हणजे तो बाज हवा असेल, तर नारिंगी आणि लाल खाली आणा. वरून सेपियाचा चहाळ रंग ओतण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. सेपियाने सगळ्या वस्तू एकाच वयाच्या दिसायला लागतात, म्हणून मी तो वापरत नाही. सगळं करडं ठेवून एकच दांडा लाल ठेवण्याचा प्रकारही तसाच. नजर वस्तूऐवजी त्या करामतीकडे जाते.

कॅमेऱ्यातच रंग फेकून देणं

मोनोक्रोम मोड लावून फक्त जेपेग काढलात, तर रंग कायमचा गेला. मग वरचे स्लायडर सरकवायला काही उरत नाही. रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही चालू ठेवा. स्क्रीनवर कृष्णधवल दिसेल, त्यामुळे उजेड-सावली नीट जोखता येईल, आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहील.

दोन उजेडांत फोटो काढणं

खिडकीतून दिवसाचा उजेड आणि डोक्यावर पिवळा बल्ब, अशा जागी रंगीत फोटो हमखास बिघडतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्याची जुळणी, एकाला जुळवला की दुसरा निळा किंवा पिवळा पडतो. बल्ब बंद करा, एवढंच. ऑटो व्हाइट बॅलन्सवरही विसंबू नका. फ्रेमभर गंज दिसला, की कॅमेरा त्याला उजेडाचा पिवळेपणा समजून थंड करून टाकू शकतो. ग्रे कार्डवर, म्हणजे साध्या करड्या रंगाच्या कार्डावर, एकदा जुळवून घ्या आणि तोच आकडा कायम ठेवा.

सपाट उजेड

समोरून फ्लॅश मारला, की चरे, पोचे, कोरीव अक्षरं सगळी बुजतात. रंगीत फोटो रंगाच्या जोरावर एकवेळ तरून जातो, कृष्णधवलला मात्र सावलीशिवाय आधारच नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च टेबलाच्या जवळजवळ पातळीवर आडवी धरा आणि वस्तूभोवती हळूहळू फिरवा. माझ्या त्या कुलपावर काही कोरलेलं आहे हे मला आधी कळलंच नव्हतं. टॉर्च डाव्या बाजूने आली आणि गंजाखालून तीन आकडे वर आले. मधला पुरता झिजलेला, पण त्याच्या खालच्या वेलांटीची सावली स्पष्ट होती.

काळं लोखंड राखाडी येणं

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. म्हणून फ्रेमभर काळी वस्तू असली, की तो ती उगाच उजळ करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एक करून पाहा.

फोटोआधी घासूनपुसून लख्ख करणं

हे कळवळून सांगतो. कळंक एकदा घासून काढला, की तसाच परत यायला वर्षं लागतात, आणि तोच तर तुम्हाला टिपायचा होता. रबरी ब्लोअरने सुटी धूळ उडवा आणि थांबा. लेन्सखाली बोटांचे ठसेही ठळक दिसतात, तेव्हा वस्तू कडेने उचला. स्वच्छ करायचीच असेल, तर आधी फोटो, मग साफसफाई.

एवढं करूनही ठरत नसेल, तर दोन्ही आवृत्त्या अंगठ्याच्या नखाएवढ्या करून शेजारी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. कुलपाच्या बाबतीत मी तसंच केलं. आकडे कृष्णधवलमध्येच जास्त उठून दिसत होते, आणि मी जवळजवळ तोच ठेवणार होतो. मग रंगीत फोटोत चावीच्या भोकाकडे लक्ष गेलं. भोवताली सगळा हिरवा कळंक, आणि चावी लावताना बोटं टेकायची तिथे नखाएवढी पिवळी पितळी कोर, अजून चकाकणारी. कृष्णधवलमध्ये ती फक्त थोडी उजळ करडी होती. मी रंगीत फोटो ठेवला.