आयटी कंपनीचा विमा: हप्त्याआधी ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’ बघा

सॉफ्टवेअर कंपनीसाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी (कामातल्या चुकीमुळे ग्राहकाने मागितलेल्या भरपाईचा विमा) घेताना सगळे हप्ता आणि विमा रक्कम बघतात. घोळ होतो तो रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेटमध्ये. ही पॉलिसी साधारणपणे ‘क्लेम्स मेड’ असते. म्हणजे ग्राहकाचा दावा पॉलिसी चालू असताना यायला हवा आणि चूकही रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेटनंतरची हवी. समजा, 2023 साली दिलेल्या कोडमुळे ग्राहकाची बिलं चुकली, नोटीस 2025 मध्ये आली आणि शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) ही तारीख आहे 1 एप्रिल 2024. मग वकिलाची फीसुद्धा खिशातूनच. विमा कंपनी बदलताना जुनीच तारीख नव्या शेड्यूलवर छापून घ्या. एजंटच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

ग्राहक अमेरिकेतला असेल तर ‘ज्युरिस्डिक्शन’पुढे (कुठल्या देशातल्या कोर्टांतले दावे चालतील, त्या रकान्यात) नुसतं ‘इंडिया’ असून भागत नाही. शिवाय बचावाचा खर्च बहुतेकदा विमा रकमेतूनच वजा होतो: 5 कोटींतले 2 कोटी वकिलांवर गेले, तर भरपाईला उरले 3.

नोटीस आली की त्याच पॉलिसी वर्षात लेखी कळवा. तोवर ग्राहकाला ‘सॉरी, आमचीच चूक’ अशी मेल नको. विमा कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली कबुली दावा नाकारायला पुरू शकते.