चिंबोरीच्या पिल्लांना तेल किती, कधी

आमच्या खानापूरच्या ओढ्यातल्या खेकडीच्या पोटाखालून पिल्लू बाहेर पडतं ते खेकडा होऊनच. खाडीच्या चिंबोरीचं तसं नाही. आधी झोईया, म्हणजे पाण्यात तरंगणारं बारीक पिल्लू, त्याच्या 5 अवस्था, मग मेगॅलोपा ही मधली अवस्था, मग कुठं खेकडा. कारवारकडं हॅचरीत (पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात) कामाला येणाऱ्या गावच्या पोरांना मी आधी हे सांगतो, मग तेलाचं.

माशाच्या तेलातली डीएचए आणि ईपीए ही मेदाम्लं पिल्लांना स्वतःच्या अंगात पुरेशी तयार करता येत नाहीत. खायला सुरुवातीला रोटिफर, पुढं आर्टेमिया हे बारीक जिवंत पाणकिडे देतो. पण आर्टेमियात डीएचए नसल्यात जमा. म्हणून आधी आर्टेमियालाच तेल खिलवायचं.

आर्टेमियाची अंडी फुटल्याबरोबर तेल ओतू नका, तेव्हा तिचं तोंडच उघडलेलं नसतं. साधारण 8 तास जाऊ द्या. माशाचं तेल, थोडा अंड्याचा बलक नि पाणी मिक्सरला फिरवा, ताकासारखं पांढरं होईतो. थेंब पाण्यात टाकून बघा: दुधासारखा पसरला तर ठीक, तवंग आला तर परत फिरवा. मग आर्टेमियाच्या पाण्यात ओता, हवा जोरात सोडून 12 तास ठेवा. मग आर्टेमिया बारीक जाळीत फेस जाईपर्यंत धुवा आणि लगेच पिल्लांना द्या. ठेवलं की डीएचए उतरतं.

तेल कमी पडलं तर पिल्लांना कात टाकायला उशीर लागतो. जास्त झालं तरी घात. एकदा मी हात सैल सोडला. पाचव्या झोईयाच्या नांग्या वेळेआधीच मोठ्या झाल्या, पिल्लं जुन्या कातीत अडकून मेली. भिंगाखाली बघितलं, तर नांग्या अर्ध्याच बाहेर. आता पाचवा झोईया दिसला की रोज आधी नांगी बघतो, मगच तेल मोजतो.