स्वस्तात मिळतोय तो सर्क्युलर सॉ घ्यायचा की नवीन मॉडेलसाठी थांबायचं? माझे पैसे कसे अडकले ते सांगतो

सुतारकामाच्या, इंटिरियरच्या लाईनीत नवीन आलेल्या पोरांचा हा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतोच, एकदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आणि एकदा दिवाळीला. दुकानदाराने सांगितलेलं असतं की हे मॉडेल बंद होतंय, नवीन येणारेय, म्हणून एवढे हजार कमी करून देतो. पोरगा विचारतो, दादा घेऊ की थांबू? मी फोनवर लगेच उत्तर देत नाही, कारण मला ते उत्तर साडेनऊ हजार रुपये आणि एक अख्खा सीझन घालवून मिळालंय.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. आयटीआय केलं, मग एका मेस्तांकडे, म्हणजे मुरलेल्या सुताराकडे, चार वर्षं राहिलो आणि मग स्वतःची कामं घ्यायला लागलो. करवत, रंधा, पटाशी, गुण्या हे तुमच्या हाताखालून गेलंय आणि सर्क्युलर सॉ म्हणजे काय ते माहीत आहे असं धरून लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी जुलै महिन्यात पेडण्याच्या बाजूला एका जुन्या घराचं काम मिळालं होतं, खिडक्यांच्या चौकटी बदलायच्या, एक किचन आणि दोन कपाटं, सगळं चवथीच्या आधी. पावसात तिथली लाईट दिवसातून चार वेळा जायची, म्हणून बॅटरीवरचा सॉ घ्यायचं ठरवलं. दुकानात गेलो तर एक चांगल्या कंपनीचा सॉ, सोबत एक बॅटरी आणि चार्जर, सोळाच्या जवळपास किंमत असलेला, साडेनऊला. म्हणे नवीन मॉडेल दिवाळीनंतर येतंय. मला दिवाळीपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं, हातात ॲडव्हान्स होता, घेतला. आणि खरं सांगतो, पहिला दीड महिना त्या सॉने सुंदर काम केलं, 19 एमएमची प्लाय लोण्यासारखी कापायचा, मला वाटलं जिंकलो.

एका बॅटरीवर दिवस निघत नव्हता म्हणून दुसरी बॅटरी आणायला गेलो तेव्हा कळलं की ती नाहीच. दुकानात नाही, म्हापशाला नाही, मडगावला नाही, सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ते म्हणाले की ती बॅटरीची सीरीजच बंद झाली, नवीन मॉडेलची बॅटरी वेगळी आणि ती या सॉला बसत नाही. मग मी हातातली बॅटरी पहिल्यांदा उलटी करून नीट बघितली तर तिच्यावरची तारीख माझ्या खरेदीच्या अडीच वर्षं आधीची होती. म्हणजे मी "नवीन" म्हणून घेतली तेव्हाच ती अडीच वर्षं गोडाऊनमध्ये पडून होती. पुढच्या पावसाळ्यात ती बॅटरी फुल चार्ज करून सुद्धा 8 फुटी प्लायचे सहा-सात कट झाले की मान टाकायची. सॉची मोटर आजही ठणठणीत आहे, फक्त तिला जेवायला काही नाही.

या बॅटरीच्या भानगडीवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण नवीन माणूस नेमका इथेच फसतो. आपण डब्यावर "18 वोल्ट" वाचतो आणि समजतो की 18 ची कुठलीही बॅटरी 18 च्या कुठल्याही मशीनला लागेल. तसं नसतं. बॅटरीच्या आत लिथियमचे सेल एकापुढे एक जोडलेले असतात, एकेक 3.6 वोल्टचा, पाच सेल झाले की 18. तेच सेल फुल चार्ज झाल्या झाल्या 4 वोल्टच्या वर असतात म्हणून काही कंपन्या त्याच बॅटरीला "20 वोल्ट मॅक्स" म्हणतात, म्हणजे 18 आणि 20 मॅक्स ही ताकदीने एकच वस्तू, 20 वाल्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पण बॅटरी मशीनला जिथे सरकून बसते ती खाच आणि आतले पॉईंट प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि एकाच कंपनीत सुद्धा दोन सीरीज असल्या तर त्यांचे वेगळे. मकिताची 18 वोल्टची एलएक्सटी सीरीज 2005 पासून चालू आहे, इतक्या वर्षांत किती मशीन आली-गेली पण त्या बॅटऱ्या मिळतात. त्यांचीच 40 वोल्ट मॅक्सची एक्सजीटी सीरीज मात्र वेगळी, एलएक्सटीची बॅटरी तिच्या मशीनला बसत नाही. डीवॉल्टची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी त्यांच्याच 20 मॅक्सच्या मशीनवर चालते पण 20 मॅक्सची बॅटरी फ्लेक्सव्होल्टच्या मोठ्या मशीनवर चालत नाही. म्हणजे "कंपनी एकच आहे ना, मग झालं" हे सुद्धा पुरेसं नाही, सीरीजचं नाव विचारायला लागतं.

आणि बॅटरी न वापरता ठेवली तरी म्हातारी होते. शेल्फवर पडल्या पडल्या ती हळूहळू उतरते, आणि एका मर्यादेच्या खाली गेली तर चार्जर तिला घेतच नाही, लाल लाईट मारत बसतो. आपल्याकडचं उष्ण गोडाऊन म्हणजे आणखी वाईट. त्यामुळे बॅटरीचा सॉ सवलतीत घेताना खोका उघडून बॅटरीवरची तारीख वाचा, कोड असेल तर दुकानदाराकडून उलगडून घ्या, त्याला सांगता येत नसेल तर त्याच्यासमोर कंपनीला फोन लावा. लाजू नका. मी लाजलो होतो, दुकानात मागे चार जुने मेस्त उभे होते आणि मला अडाणी दिसायचं नव्हतं.

यावर लोक जुगाड सांगतात, ऑनलाईन मिळणारा ॲडॉप्टर लावायचा, नाहीतर डुप्लिकेट बॅटरी घ्यायची. काही वेळा कंपनी स्वतःच जुन्या-नव्याला जोडणारा ॲडॉप्टर काढते, तो असेल तर बिनधास्त घ्या. पण कुठलाही निनावी ॲडॉप्टर माझ्या साईटवर मी लावू देत नाही. बॅटरी किती उतरली की मशीन बंद करायची हे काही सीरीजमध्ये बॅटरीऐवजी मशीन ठरवतं, मध्ये ॲडॉप्टर आला की ते बोलणंच तुटतं आणि सेल मरेपर्यंत मशीन ओढत राहतं. सॉ इतका करंट ओढतो की बॅटरी तापली तर ती नुसती गरम होऊन थांबेलच याची खात्री नाही.

आता घाबरून जाऊ नका, कारण वायरवाल्या सॉचं गणित अगदी उलटं आहे. 7 इंची वायरवाला सॉ, 1200-1400 वॉटचा, जुनं मॉडेल म्हणून स्वस्त मिळत असेल तर मी सहसा घे म्हणतो. त्यात झिजणाऱ्या गोष्टी ठरलेल्या, कार्बन (मोटरचे कार्बन ब्रश), बेअरिंग, स्विच, वायर. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जळलं तरी रिवाइंडिंग करणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावात सापडतो. मात्र कार्बनची एक जोडी त्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि ब्लेडचं मधलं भोक बघा, 20, 25.4, 30 असे एमएममध्ये प्रकार येतात, आपल्याला रोज लागणारं 40 दातांचं आणि सनमायकासाठी 60 दातांचं ब्लेड त्या भोकात तुमच्या जवळच्या दुकानात मिळतं का ते आधी विचारा. रिंग टाकून भोक लहान करता येतं, मोठं करता येत नाही. डिस्प्लेला ठेवलेला पीस देत असतील तर गुण्या घेऊन जा, ब्लेड पूर्ण खाली सोडून लाकडावर टेकते त्या बेस प्लेटशी 90 चा कोन बघा, पत्र्याची बेस प्लेट एकदा पडली की वाकते आणि मग आयुष्यभर तुमचा प्रत्येक कट तिरका. प्लग काढून ब्लेड हाताने हलवून बघा, शाफ्टला खेळ असेल, म्हणजे तो ढिला हलत असेल, तर परत ठेवा. ब्लेड झाकणारं खालचं गार्ड सोडल्यावर आपोआप झटकन बंद झालं पाहिजे, रेंगाळलं तर तो सॉ फुकट दिला तरी नको.

थांबण्याबद्दल पण बोलतो, कारण पहिल्यांदा भाजल्यावर मी दुसऱ्यांदा उलटी चूक केली. दुसरा सॉ घ्यायची वेळ आली तेव्हा ठरवलं, आता नवीनच येऊ दे. "पुढच्या महिन्यात येतोय" करत चार महिने गेले, आला तेव्हा जुन्यापेक्षा अडीच हजारांनी महाग आणि पहिले काही आठवडे तर गोव्यात पीसच नाही. त्या चार महिन्यांत मी दुसऱ्याचा सॉ मागून आणायचो, त्याच्या सोयीने माझं काम, दोन गिऱ्हाईकांच्या तारखा चुकल्या आणि त्यातलं एक परत आलं नाही. दुकानदाराच्या तोंडची तारीख म्हणजे तारीख नाही. मॉडेल दुसरीकडे विकायला आलंय का, किंमत छापून आलीय का, हे बघा, नाहीतर तो सॉ अजून अस्तित्वातच नाही असं समजून ठरवा. हातात काम असेल आणि रोज सॉ लागत असेल तर थांबायची किंमत तुमच्या मजुरीतून जाते, सवलतीतून नाही.

नवीन मॉडेलसाठी थांबावं असं मला दोनच गोष्टींसाठी वाटतं. एक, जुन्याला ब्रेक नाही आणि नव्याला आहे. स्विच सोडल्यावर ब्लेड लगेच थांबणं ही चैन नाही, बिन ब्रेकचं ब्लेड बराच वेळ फिरत राहतं आणि दमलेला माणूस त्याच वेळी सॉ खाली ठेवतो. दोन, नव्या मॉडेलबरोबर बॅटरीची सीरीज बदलतेय, मग जुन्याला हात लावू नका. बाकी लेझर लाईन, एलईडी, ग्रिपचा नवा रंग यासाठी एक आठवडासुद्धा थांबू नका. बॅटरी तीच राहणार आणि नुसती बॉडी बदलणार असेल तर जुनाच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगलं ब्लेड घ्या. माझं ठाम मत आहे की स्वस्त सॉला चांगलं ब्लेड लावलेलं महागड्या सॉला लावलेल्या बोथट ब्लेडपेक्षा शंभरपट बरं.

मेस्तांचा सल्ला घ्या पण एक लक्षात ठेवा, प्रत्येक मेस्त स्वतःकडे आहे तेच घे म्हणून सांगतो. माझ्या मेस्तांनी मला हात दिला, डोळा दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण ते म्हणायचे की सॉ कशाला, मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावलं की झालं. कितीतरी साईटवर हेच चालतं, मीही केलंय. नवीन सॉची वाट बघतोय तोपर्यंत चालवून घेऊ असं कुणी म्हणत असेल तर त्याला हात जोडून सांगतो, नको. मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो, 7 इंची सॉ पाच-साडेपाच हजार. कटरला उघडझाप करणारं गार्ड नाही, आणि फळी मध्येच दाबली जाऊन ब्लेड अडकलं की तो मागे, तुमच्या अंगावर येतो. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं तर त्याहून वाईट. माझ्याबरोबर शिकलेल्या एकाच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली, तो आता हार्डवेअरच्या दुकानात बसतो. थांबायचंच असेल तर हाताच्या करवतीने कापा, किंवा सॉ भाड्याने आणा.

एक आपल्या गोव्यातलीच गोष्ट राहिली. तारवटी लोक, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, बोटीवरून येताना अमेरिकेतून सॉ घेऊन येतात, जवळजवळ नवा, निम्म्या किमतीत देतात. वायरवाला असेल तर पाटी वाचा, तिथली लाईट 120 वोल्टची, आपली 230 ची, लावला की जळला. बॅटरीवाला असेल तर चार्जरवर हीच पाटी वाचा. आणि घरी आणलेल्या सॉला पावसाळ्यात जपा, खाऱ्या हवेत बेस प्लेट आणि गार्डची स्प्रिंग चार महिन्यांत गंजते, काम झालं की भुसा झाडून तेलाचा कपडा फिरवायचा.

गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या पोराला असाच एक वायरवाला सॉ दिसला, बंद होणारं मॉडेल, तीन हजार कमी. शुक्रवारी म्हापशाला बाजार होता त्याच दिवशी दोघं गेलो. गुण्या लावला, गार्ड दहा वेळा सोडून बघितलं, कार्बनची जोडी मागितली तर त्याच्याकडे होती, ब्लेडचं भोक आमच्याकडच्या ब्लेडांना जुळलं. ब्रेक नव्हता, त्यावर आम्ही दुकानाबाहेर अर्धा तास बोललो. पोरगा एकटा काम करतो, लहान साईट, घाई नसते, पुढच्या वर्षी पैसे जमले की ब्रेकवाला घेणार आणि तोवर ब्लेड थांबल्याशिवाय सॉ खाली ठेवणार नाही हे त्याने मला शब्द देऊन सांगितलं. वॉरंटीसाठी जीएसटीचं पक्कं बिल घेतलं. सोमवारी त्याने पहिली प्लाय कापली, चांगली बाजू खाली ठेवून, कारण हा सॉ खालून वर कापतो आणि कपच्या वरच्या बाजूला उडतात. कट सरळ आला होता, मी गुण्या लावून बघितला.