जीपचे ब्रेक गरम झाल्यावर धरून राहतात? ड्रम उघडण्याआधी हे बघा

सकाळी गाडी मोकळी पळते आणि थोडं अंतर गेल्यावर चारही चाकं जड होतात. जुन्या विलीज किंवा महिंद्राच्या सीजे-३बी जीपला असं होत असेल, तर आधी ब्रेक पेडलची मोकळी चाल मोजा, म्हणजे ब्रेकवर दाब यायच्या आधी पेडल किती हलतं ते. मी हे न बघता लायनर बदलून बसलो होतो, पैसे गेले आणि ब्रेक तसेच राहिले.

१. पेडल हाताने दाबा, पायाने नको. पेडलचा रॉड मास्टर सिलेंडरच्या (ब्रेक ऑइल दाबणाऱ्या पंपाच्या) पिस्टनला टेकतो तो क्षण पायाला कळत नाही, बोटांना लगेच कळतो. तिथपर्यंत साधारण अर्धा इंच, म्हणजे १३ मिमी चाल हवी. अजिबात नसेल तर दुखणं सापडलं: पेडल सोडलं तरी रॉड पिस्टनला दाबूनच ठेवतो.

२. रिटर्न स्प्रिंग पेडलला पूर्ण मागे आणते ना, ते पाहा. बऱ्याचदा पिव्हटला, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या सांध्याला, ग्रीसच नसतं.

३. चाकांना ओंडके लावून खाली शिरा. मास्टर सिलेंडर फ्लोअरखालीच आहे. रॉडचा लॉकनट सैल करा आणि रॉड अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आखूड करा. दर वेळी वर येऊन मोजा. कंटाळा येतो, पण याला दुसरा उपाय नाही.

४. लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना रॉड फिरतो.

पेडल फार खाली जातं म्हणून रॉड कधीही लांब करू नका. त्यासाठी ड्रममधले ब्रेक शू (ड्रमला आतून घासणाऱ्या लायनरच्या पट्ट्या) सेट करायचे असतात. रॉड लांब केलात तर घाटात ब्रेक धरून राहतील.